रुळाकाठची वाकुली

धावती आगगाडी दिसली की लहान मुलाचा हात आपोआप वर जातो. ‘टाटा कर’ म्हणून त्याला शिकवावे लागत नाही. पण टाटा करून झाल्यावर पोरांचा खरा खेळ सुरू होतो. जीभ बाहेर, दोन्ही अंगठे कानाला आणि बोटे पंख्यासारखी हलवायची. आपण मराठीत त्याला वाकुल्या दाखवणे म्हणतो, कानडीत ‘अणकिसोदु’ म्हणतात आणि सुरतेकडे गुजरातीत ‘चाळा पाडवा’. शब्द तीन असले तरी पोर एकच! आणि पोर अगदीच वात्रट असेल तर ते गाडीकडे पाठ फिरवते, वाकते, चड्डी खाली ओढते आणि सबंध गाडीला ढुंगण दाखवते. कौटुंबिक पानावर हा शब्द कसा लिहावा असा प्रश्न पडला होता खरा. पण ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरात तो दिवसातून दहादा उच्चारला जातो, तेव्हा संकोच कशाला?

हा पोरखेळ वाटत असेल, तर थोडे अमेरिकेत डोकावू या. कॅलिफोर्नियात लागूना निगेल नावाचे गाव आहे. तिथे रेल्वेच्या रुळांसमोर, रस्त्याच्या अलीकडे एक दारूचा गुत्ता आहे. १९७९ साली तिथल्या एका गिऱ्हाइकाने पैज लावली, ‘समोर पळत जाऊन पुढच्या गाडीला जो कोणी ढुंगण दाखवील, त्याला एक पेला माझ्याकडून.’ कोणीतरी गेला. पुढच्या वर्षी आणखी काही जण गेले. होता होता तो वार्षिक उत्सवच झाला. जुलै महिन्याचा दुसरा शनिवार त्यासाठी ठरून गेला. आजीआजोबांच्या वयाची माणसेही कुंपणाशी ओळीने उभी राहू लागली आणि त्या दिवशी मुद्दाम तिकीट काढून गाडीत बसणारे शौकीनही निघाले. २००८ साली गर्दी सुमारे आठ हजारांवर गेली, दारू आणि धिंगाणा वाढला आणि पोलिसांना मध्ये पडून लोकांना घरी पाठवावे लागले. एका पेल्याची पैज कुठल्या कुठे गेली, पाहा!

ही हकिगत वाचली तेव्हा मला हसू आले आणि त्याच वेळी सुरत आठवली. सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० आठवतात, खवय्याला सुरतचे जेवण आठवते. मला मात्र उधन्याचा रूळ आठवतो. माझी मावशी तिथे राहायची. काका कापडाच्या गिरणीत होते. १९८० च्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही बेळगावहून निघायचो. मिरजेला मीटरगेजची छोटी गाडी सोडून मोठ्या गाडीत बसायचो, मुंबईला पुन्हा गाडी बदलायचो. माझे वडील कानडी, आई मराठी. निघताना अप्पा बजावायचे, ‘तुंटाट माडबेडा.’ म्हणजे खोड्या करू नकोस. सगळ्या खोड्या उधन्याला रुळाकाठीच माझी वाट बघत असतात, हे त्यांना ठाऊक नव्हते.

उधना हे सुरतेच्या दक्षिणेला, अगदी लागूनच आहे. तिथे दोन वाटा फुटतात. एक मुंबईकडे जाते आणि दुसरी तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर, जळगावमार्गे भुसावळकडे. या दुसऱ्या वाटेनेच खानदेशातली माणसे सुरतेत आली. पाऊस दगा देई, शेत तुटपुंजे आणि सुरतेत यंत्रमागांना व गिरण्यांना हात हवे होते. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांत धुळे-जळगाव-नंदुरबारची मराठी वस्ती एवढी झाली की महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग भरू लागले. ओडिया होते, तेलुगू विणकर होते, उत्तरेचे भय्ये होते. आपल्या सोलापुरात तेलुगू, कानडी आणि मराठी एकाच नळावर भांडतात ना, तसेच हे. चाळीतली पोरे घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि सिनेमात हिंदी बोलायची. आम्हा बेळगावकरांना त्यात काही नवल वाटले नाही. आमच्याही घरी भांडण एका भाषेत सुरू होऊन दुसऱ्या भाषेत मिटायचेच.

मावशीच्या चाळीपासून रूळ हाकेच्या अंतरावर होता. संध्याकाळी मुंबईकडची एक्सप्रेस यायची वेळ झाली की पोरे बांधावर ओळीने उभी राहायची. लांबून शिट्टी ऐकू आली की सगळे एकमेकांना ढोसणार. इंजिन समोर आले की पहिली वाकुली ड्रायव्हरला. मग डब्यामागून डबा. शेवटी दोघेतिघे धीट गडी पाठ फिरवून वाकायचे आणि बाकीच्यांच्या आरोळीत गाडी निघून जायची. गार्डाच्या डब्याला मात्र सलाम, कारण कधीमधी गार्ड हिरवा झेंडा हलवून दाद द्यायचा.

या खेळाचे नियम होते, बरे का! पहिला नियम असा की भुसावळकडच्या पॅसेंजरला वाकुली दाखवायची नाही. रखडत येणारी ती गाडी दिसली की कोणीतरी ओरडायचे, ‘आपली गाडी उनी रे भो!’ आणि सगळे दोन्ही हात हलवायचे. तिच्यात कोणाची आजी असेल, कोणाचा मामा डाळीचे पोते घेऊन येत असेल, त्याला का चिडवायचे? दुसरा नियम म्हणजे खिडकीतल्या माणसाने उलट जीभ दाखवली तर तो जिंकला, त्याला टाळ्या. तिसरा नियम दगडाचा. दगड उचलायचा नाही. एका नव्या पोराने एकदा उचलला, तर मोठ्या मुलांनी त्याला तिथेच दोन थपडा दिल्या आणि आठवडाभर खेळातून काढून टाकले. ‘आत माणसं बसलीत, दिसत नाही का तुला?’ असे त्याला विचारले गेले. नीतीचे धडे कुठे कुठे मिळतात!

रुळावर खिळा ठेवायचा उद्योगही चाले. वरून गाडी गेली की खिळ्याचा लोहचुंबक होतो, अशी सगळ्यांची ठाम समजूत होती. खिळा चपटा व्हायचा, दहा पैशांचे नाणे पातळ व्हायचे. चुंबक मात्र कधी झाला नाही. तरी श्रद्धा ढळली नाही.

आगगाडीच का? एस.टी.ला, मोटारीला, बैलगाडीला पोरे अशी ओळीने उभी राहून का वेडावत नाहीत? याचे उत्तर मला पुढे हिशेब मांडल्यावर मिळाले. बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून थोडी लांब असते. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने ती समोरून जायला जेमतेम वीस सेकंद लागतात. एवढ्या अवधीत हजार-दीड हजार माणसे डोळ्यांसमोरून जातात. आणि त्या वेगातल्या गाडीला ब्रेक लावला तरी थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागते. म्हणजे एस.टी.चा ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरेल आणि कान धरील, आगगाडीचा काही उतरणार नाही. एवढी मोठी, एवढी ताकदवान, शिट्टी मारून साऱ्या गावाला बाजूला सारणारी वस्तू, पण ढुंगण दाखवणाऱ्या सहा वर्षांच्या पोरापुढे ती हतबल! लागूना निगेलच्या म्हाताऱ्यांना आणि उधन्याच्या पोरांना मजा येते ती याचीच. गाडी त्यांच्यासाठी कधी थांबत नाही. निदान ती आपल्याकडे पाहील तरी, एवढी व्यवस्था ते करतात.

पण उधन्याच्या खेळात आणखी एक गोष्ट होती, आणि ती अमेरिकेत नव्हती. ती कळायला मला दोन सुट्ट्या लागल्या.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघून उजाडता उजाडता सुरतेच्या जवळ आले की डब्यात खिडक्या खाली ओढल्याचा आवाज व्हायचा. रुळाकाठी माणसे डबा घेऊन बसलेली असायची. ‘लाज नाही यांना,’ असे कोणीतरी हमखास म्हणायचे. बाकीचे नाकाला रुमाल लावायचे. व्ही. एस. नायपॉल यांनी १९६४ च्या ‘अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस’ या पुस्तकात भारतीयांच्या या रुळाकाठच्या बैठकीवर लिहिले आणि आपल्याकडे पुष्कळांना राग आला. पण गाडीतून पाहणाऱ्याला जे दिसते तेच त्यांनी लिहिले होते. बसणाऱ्याच्या बाजूने गाडी कशी दिसते, ते मी मावशीकडे पाहिले.

रुळाला लागून असलेल्या झोपड्यांत संडास नव्हते. मावशीच्या चाळीला चार होते आणि त्यांच्यापुढे रांग. पुरुष केव्हाही जात. बायकांना मात्र अंधार लागे. सुरतेहून पहाटे साडेपाचच्या सुमारास ‘फ्लाइंग राणी’ मुंबईकडे सुटते. लिंबायतच्या, उधन्याच्या बायांचे ते घड्याळ होते. ‘राणी जायच्या आत’ आटपायचे. उशीर झाला आणि गाडी आलीच, तर इंजिनाच्या उजेडात त्या ताडकन उभ्या राहत. उभे राहणे शक्य नसेल तर पदराने तोंड झाकून घेत. मावशीकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी अजाणतेपणी विचारले होते, ‘मावशी, तोंड का झाकता?’ त्या म्हणाल्या, ‘पोरी, तोंड झाकलं म्हणजे ती कुणाची बी असते. उघडं राहिलं म्हणजे ती मी असते.’

त्यांचाच धाकटा मुलगा संध्याकाळच्या खेळातला सर्वांत धीट गडी. माझी मावशी एकदा त्यांना म्हणाली, ‘अहो, तुमच्या पोराला आवरा, सगळ्या गाडीला दाखवत असतो.’ त्या भांडे विसळता विसळता म्हणाल्या, ‘ताई, सकाळी आम्ही लपवतो तरी ते बघतात. संध्याकाळी पोरगं दाखवतंय, तर आता बघा म्हणावं.’ मावशी पुढे काही बोलली नाही. मुलींना मात्र हा खेळ नव्हता. आम्हाला जीभ दाखवण्यापर्यंतच मुभा होती. का, ते सांगायला नको.

त्या बाईंचे बोलणे मनात राहिले आणि वाचनात जिथे जिथे हा विषय आला, तिथे तिथे आठवत गेले. अंगविक्षेप तोच, पण कोणी कोणाला दाखवला यावर त्याचा अर्थ ठरतो. ज्यू इतिहासकार जोसेफस याने पहिल्या शतकातली एक घटना नोंदवली आहे. इ.स. ५० च्या सुमारास जेरुसलेममध्ये सणाला लोक जमले होते. पहाऱ्यावरच्या एका रोमन शिपायाने त्यांच्याकडे पाठ करून ढुंगण दाखवले. लोक खवळले, दगडफेक झाली, जादा सैन्य आले आणि चेंगराचेंगरीत हजारो माणसे मेली, असे जोसेफस लिहितो. शस्त्र हातात असलेल्याने केले तो अपमान होता. उधन्याच्या पोराने केले ती खोडी. वरच्याने खालच्याला वेडावले की त्याला विनोद म्हणत नाहीत.

आणि गाडीतला प्रवासीच उघडा पडला तर? तीही गोष्ट आपल्या देशात घडली आहे. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थांनी साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला एक पत्र लिहिले. फणस जास्त खाल्ल्याने पोट बिघडले, म्हणून ते अहमदपूर स्टेशनावर उतरून बसले होते. तेवढ्यात गार्डाने शिट्टी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत ते धावले, पडले आणि फलाटावरच्या बायाबापड्यांसमोर त्यांचे सगळे उघडे पडले. गाडी गेली ती गेलीच! गार्डाला जबर दंड करा, नाहीतर वर्तमानपत्रांना कळवतो, अशी धमकी त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत दिली. साध्या डब्यांत संडास आले ते या पत्रामुळे, असे सांगतात. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि ते वाचून आजही लोक हसतात. मीही हसले. मग वाटले, सेनबाबूंना पत्र लिहिता येत होते. एकदा लाज गेली आणि त्यांनी ती कागदावर भरून मागितली. ज्यांची रोज जात होती, त्यांना कोणत्या कचेरीचा पत्ता माहीत होता?

सुरतेचा तो चेहरा बदलला, त्याला एक मोठे संकट कारण झाले. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ आली. चार-पाच दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. मावशी सांगायची, भुसावळच्या गाडीच्या टपावरसुद्धा माणसे होती. त्या दिवसांत बांधावर खेळ नव्हता. एरवी गाडीला वेडावणारी पोरेच आईच्या मांडीवर, गाडीत होती. पुढे १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी शहर झाडूनपुसून काढले आणि १९९६ साली सुरतेला देशातले दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर म्हणून मान मिळाला. त्या सुमारास मावशीचे पत्र आले होते. मावसबहिणीचे लग्न ठरल्याची बातमी त्यात होती, पण ती दुसऱ्या परिच्छेदात. पहिली ओळ होती, ‘रुळाकडच्या बाजूला बायकांसाठी संडास झाले, दिवा आहे, आतून कडी आहे.’ आईने ते पत्र वाचून दाखवले तेव्हा अप्पांनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

त्यानंतर बरेच काही झाले. २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान आले. स्वतः रेल्वे शतकभर आपली घाण रुळावरच टाकत होती, तिच्या डब्यांतही बायो-टॉयलेट बसले. १९७९ साली ‘फ्लाइंग राणी’ला जोडलेले दुमजली डबे २०२३ साली काढले गेले. पैजेचा पहिला पेला आणि राणीचे दुमजली डबे एकाच सालचे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. ३० सप्टेंबर २०२२ पासून सुरतेवरून गांधीनगर-मुंबई वंदे भारत धावते. आपल्याकडेही सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुब्बळ्ळी वंदे भारत मिरज, बेळगावावरून जाते.

या नव्या गाड्यांच्या काचा बंद असतात. उन्हात बाहेरून आतले काही दिसत नाही. पोराने वाकुली दाखवली तर त्याला आत कोणी हसले की नाही, ते कळत नाही. आणि उत्तराची आशा नसली की हात दगडाकडे जातो की काय, अशी मला शंका येते. ठिकठिकाणी वंदे भारतच्या काचा दगडांनी फुटल्याच्या बातम्या आल्या आहेत. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५२ प्रमाणे गाडीतल्या माणसांना इजा करण्याच्या हेतूने काही फेकले तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. रुळावर विनापरवाना शिरणेही कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२४ साली उत्तर प्रदेशात एकाने लोकांनी पाहावे म्हणून रुळावर सायकल, दगड, गॅसचे सिलिंडर ठेवून चित्रफिती काढल्या. त्याला अटक झाली. खोडी आणि गुन्हा यांतली रेघ उधन्याच्या पोरांना कायदा न वाचता ठाऊक होती. आत माणसे बसली आहेत, एवढेच त्यांना दिसत होते.

म्हणून आपल्या घरातल्या पोरांना रुळापासून लांब ठेवा, खिळे-नाणी काढून घ्या, दगडाबद्दल तर दोन थपडा मारायलाही हरकत नाही. पण कुंपणाअलीकडून जीभ दाखवली, तर फार रागावू नका. अगीनगाडी म्हणा की उगिबंडी म्हणा, ती आपल्यासाठी थांबणार नाही हे मुलांना आपल्याआधी कळलेले असते. तरी ती तिच्याशी बोलायचे सोडत नाहीत.

आणि प्रवासात आपण उघड्या खिडकीशी बसलो असू, बाहेर एखादे शेंबडे पोर वाकुली दाखवीत असेल, तर खिडकी खाली ओढू नये. त्यालाही जीभ दाखवावी. वीस सेकंदांत त्याच्यासाठी दुसरे काय करता येते?